मुठीची ताकद काय सांगते? स्नायूंची कमाल ताकद, आरोग्य आणि वाढतं वय



शाळेत आरोग्य तपासणी होते तेव्हा मुलांची उंची, वजन, दात, डोळे, हिमोग्लोबिन तपासलं जातं. मोठ्यांची तपासणी असेल तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. या यादीत एक गोष्ट मात्र सहसा नसते, ती म्हणजे अंगात ताकद किती आहे. ताकद हा पैलवानांचा आणि जिममध्ये जाणाऱ्यांचा विषय, असं आपण धरून चालतो. पण गेल्या काही दशकांतलं संशोधन वेगळंच सांगतं. हाताची मूठ किती जोराने आवळता येते, खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं, अशा साध्या मोजमापांवरून माणसाच्या पुढच्या आरोग्याचा बराच अंदाज येतो.

आजच्या लेखात हा विषय पायरी पायरीने समजून घेऊ. आठवी-नववीच्या विज्ञानाशी, गणितातल्या शेकडेवारीशी आणि घरातल्या आजी-आजोबांशी त्याचा थेट संबंध आहे. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

१. कमाल ताकद म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण ताकद, दम, जोर हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. मोजायचं असेल तर ते वेगळे करावे लागतात.

कमाल ताकद म्हणजे एखाद्या स्नायूला किंवा स्नायूंच्या गटाला एकाच प्रयत्नात लावता येणारं जास्तीत जास्त बल. तांदळाचं पोतं जमिनीवरून एकदाच उचलायचं आहे, तिथे कमाल ताकद लागते.

स्नायूंची सहनशक्ती म्हणजे कमी बल पुन्हा पुन्हा किंवा बराच वेळ लावण्याची क्षमता. तासभर कणीक मळणं, शेतात दिवसभर खुरपणं ही सहनशक्तीची कामं.

तिसरी गोष्ट म्हणजे झपाटा. तेवढंच बल किती चटकन लावता येतं? पाय घसरला की क्षणात दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायचा असतो, तिथे ताकद असून भागत नाही, ती वेळेवर यावी लागते.

आपल्या शाळांमध्ये खेलो इंडियाच्या चाचण्या घेतल्या जातात. त्यात पोटाचे कर्ल-अप आणि पुश-अप आहेत. चाचणी चांगली आहे, पण ती मुख्यतः सहनशक्ती मोजते. एखादा मुलगा तीस कर्ल-अप काढतो म्हणजे त्याची कमाल ताकद जास्त आहेच, असं म्हणता येत नाही. कमाल ताकदीसाठी वेगळी मोजणी लागते.

२. ती मोजतात कशी?

दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली पद्धत: एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत गुडघे आणि पाय जायबंदी झालेले सैनिक मोठ्या संख्येने होते. थॉमस डीलॉर्म या डॉक्टरांनी त्यांना हलक्या कसरतींऐवजी हळूहळू वाढत जाणारं जड वजन उचलायला दिलं. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. किती वजन द्यायचं हे ठरवण्यासाठी आधी रुग्ण जास्तीत जास्त किती उचलू शकतो हे मोजायचं, अशी ती रीत. 'एका वेळची कमाल' मोजण्याची आजची पद्धत त्यातूनच रुळली.

पण प्रत्येकाला अगदी शेवटच्या टोकापर्यंत वजन उचलायला लावणं धोक्याचं असतं. म्हणून अंदाज काढण्याचं एक सूत्र वापरतात, त्याला एप्लीचं सूत्र म्हणतात:

कमाल वजन = उचललेलं वजन × (१ + वेळा ÷ ३०)

समजा एका माणसाने ३० किलो वजन नीट पद्धतीने १० वेळा उचललं आणि अकराव्यांदा जमलं नाही. तर त्याची कमाल ताकद अंदाजे ३० × (१ + १०/३०) = ४० किलो. वेळा दहाच्या पुढे गेल्या की सूत्राचा अंदाज ढिला पडत जातो, कारण मग ताकदीपेक्षा सहनशक्तीच मोजली जाऊ लागते. वर्गात हे सूत्र दिलं तर 'सूत्र कुठपर्यंत चालतं' हा चांगला मुद्दाही मुलांना समजतो.

दुसरी पद्धत: मुठीची पकड. यासाठी डायनॅमोमीटर नावाचं छोटं यंत्र असतं. दांडा मुठीत धरून जोराने आवळायचा, तबकडीवर किंवा पडद्यावर आकडा येतो. बसून, कोपर काटकोनात, दंड अंगालगत, प्रत्येक हाताने दोन-तीनदा, मध्ये थोडी विश्रांती, आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. ना सुई टोचायची, ना उपाशी राहायचं.

यंत्रावर आकडा किलोत दिसतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी इथे थांबून मुलांना विचारावं: किलोग्रॅम हे तर वस्तुमानाचं एकक, मग बल किलोत कसं? इथला २७ किलो म्हणजे २७ किलो वस्तुमानाच्या वस्तूला पृथ्वी जेवढ्या बलाने ओढते तेवढं बल. म्हणजे २७ × ९.८ = सुमारे २६५ न्यूटन. 'बल व दाब' या पाठातलं एकक असं मुलांच्या मुठीत येतं.

आता कुणीही विचारेल, पायांची, पाठीची ताकद सोडून मूठच का मोजायची? कारण सोपं आहे. मूठ मोजणं स्वस्त, सुरक्षित आणि अंथरुणावरच्या माणसालाही जमणारं आहे. आणि सर्वसाधारणपणे ज्याची पकड मजबूत, त्याचे बाकीचे स्नायूही बरे असतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसंच हे. अर्थात हाताला संधिवात किंवा जुनी दुखापत असेल तर हे शीत फसवं ठरतं. तेव्हा पायांची चाचणी घ्यावी.

३. वय वाढतं तसं काय होतं?

ताकद दोन गोष्टींवर ठरते. एक, स्नायू किती जाड आहे. दुसरी, मेंदू आणि चेतापेशी त्या स्नायूतले किती तंतू एकाच वेळी कामाला लावू शकतात. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत वाढते, पण दंड मात्र तेवढेच दिसतात. हे याचमुळे होतं. आधी चेतासंस्था शिकते, स्नायू नंतर जाड होतो.

वय वाढतं तशा दोन्ही बाजू ढासळतात. पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी कमी होत जातात. एक चेतापेशी गेली की तिच्या ताब्यातले तंतू पोरके होतात. काहींना शेजारची पेशी सांभाळून घेते, बाकीचे झिजतात. त्यातही चटकन जोर लावणारे जलद तंतू जास्त झिजतात. म्हणून म्हातारपणी माणूस चालतो, पण ठेच लागल्यावर सावरू शकत नाही.

ब्रिटनमधल्या बारा अभ्यासांतली जवळपास ५० हजार माणसांची मोजमापं एकत्र करून २०१४ साली पकडीचा आलेख काढला गेला. त्यात पुरुषांची पकड तिशीत सर्वांत जास्त, सरासरी ५१ किलोच्या आसपास दिसली. स्त्रियांची साधारण सव्वीस ते बेचाळीस या वयात ३१ किलोच्या आसपास. त्यानंतर उतार. हे आकडे तिथल्या लोकांचे आहेत. दक्षिण आशियातल्या लोकांची पकड सरासरीने कमी भरते, म्हणून ते आपल्यावर जसेच्या तसे लावू नयेत. आलेखाचा आकार मात्र सगळीकडे सारखाच: बालपणात चढ, तारुण्यात माथा, मग उतरण.

या झिजेला १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया असं नाव दिलं. ग्रीक शब्दांतून केलेलं नाव, अर्थ मांसाची कमतरता. पुढे लक्षात आलं की स्नायूंचं वजन जेवढ्या वेगाने घटतं, त्यापेक्षा ताकद बरीच जास्त वेगाने घटते. त्यामुळे आता निदान करताना आधी ताकद बघतात. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या मर्यादेनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा कमी आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी असेल तर ती कमकुवत समजून पुढची तपासणी करायची.

४. राखीव ताकद: गणिताच्या भाषेत

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं.

पाण्याने भरलेली बादली साधारण १० किलो धरू. समजा एखाद्या बाईला पंचविशीत एका हाताने जास्तीत जास्त ४० किलो उचलता येत होतं. म्हणजे बादली तिच्या कमाल ताकदीच्या २५ टक्के. पन्नाशीत तिची कमाल ताकद २५ किलोवर आली. तीच बादली आता ४० टक्के. सत्तरीत कमाल १२ किलो. बादली आता ८३ टक्के.

(आकडे समजण्यासाठी घेतले आहेत.)

बादली तेवढीच आहे. घर तेच, जिना तोच, भारतीय पद्धतीचं शौचालयही तेच. पण पंचविशीत जे सहज होतं ते सत्तरीत जवळजवळ पूर्ण ताकद लावून करावं लागतं. आणि तिची ताकद दहाच्या खाली गेली की एके दिवशी बादली उचलतच नाही. घरच्यांना वाटतं, आईची तब्येत अचानक उतरली. खरं तर उतार तीस-चाळीस वर्षं चालू होता. शिल्लक होती तोवर दिसला नाही, एवढंच.

ताकदीचं हे बचत खात्यासारखं आहे. आजारपण, शस्त्रक्रिया, हाड मोडणं हे मोठे खर्च. अमेरिकेतल्या एका प्रयोगात (२००७) साठी ओलांडलेल्या निरोगी स्वयंसेवकांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो स्नायूंचं वजन गेलं. ज्याच्या खात्यात भरपूर आहे तो यातून उठतो. ज्याच्या खात्यात आधीच खडखडाट आहे तो कायमचा अंथरुणाला खिळतो.

५. संशोधन काय सांगतं?

हवाई बेटांवरच्या होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या ६,०८९ निरोगी पुरुषांची पकड १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोजली गेली. तेव्हा ते ४५ ते ६८ वर्षांचे होते. पंचवीस वर्षांनी, हयात असलेल्यांची पुन्हा तपासणी झाली. सुरुवातीला ज्यांची पकड सर्वांत कमी असलेल्या तिसऱ्या हिश्शात होती, त्यांच्यात अगदी हळू चालणारे किंवा हात न टेकता खुर्चीतून उठू न शकणारे सर्वांत मजबूत गटाच्या दुपटीहून जास्त निघाले. म्हणजे म्हातारपणातलं परावलंबन मध्यमवयातल्या मुठीत आधीच दिसत होतं.

'प्युअर' नावाचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतासह १७ देश, ३५ ते ७० वयाची जवळपास १ लाख ४० हजार माणसं, साधारण चार वर्षांचा पाठपुरावा. पकड दर ५ किलोने कमी असेल तर त्या काळात मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. पक्षाघाताचा ९ टक्क्यांनी, हृदयविकाराच्या झटक्याचा ७ टक्क्यांनी जास्त. मृत्यूचा अंदाज बांधण्यात पकडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा सरस ठरला.

स्वीडनचा अभ्यास आपल्या दृष्टीने आणखी बोलका आहे. तिथे लष्करी भरतीच्या वेळी १६ ते १९ वयाच्या मुलांची ताकद मोजत असत. दहा लाखांहून जास्त मुलांच्या या नोंदी पुढच्या सुमारे २४ वर्षांतल्या मृत्यूंच्या नोंदींशी जोडून बघितल्या आणि निष्कर्ष २०१२ मध्ये आला. किशोरवयात ज्यांची ताकद जास्त होती, त्यांच्यात अकाली मृत्यूचा धोका २० ते ३५ टक्क्यांनी कमी होता. वजन आणि रक्तदाबाचा हिशोब वेगळा करूनही हे टिकलं. आपण ज्यांना शिकवतो ती हीच मुलं, अकरावी-बारावीची.

आपल्याकडेही हे मोजमाप सुरू झालं आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने भारतातल्या ज्येष्ठांचं मोठं सर्वेक्षण केलं, त्याला लासी म्हणतात. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली, आणि त्यात उंची, वजन, रक्तदाबाबरोबर मुठीची पकडही होती.

६. थर्मामीटर आणि ताप

इथे एक सावधगिरी. हे वाचून कुणी बाजारातून हाताने दाबायची स्प्रिंग आणली आणि टीव्ही बघता बघता ती दाबत बसलं, तर आयुष्य वाढेल का? नाही. पकड हा दर्शक आहे, कारण नव्हे. थर्मामीटर झटकला तर पारा उतरतो, ताप उतरत नाही.

पकड कमी असण्यामागे बरीच कारणं असू शकतात: हालचाल कमी, जेवणात प्रथिनं कमी, लपलेला मधुमेह, दीर्घ आजार, बालपणीचं कुपोषण, चेतासंस्थेची झीज. मूठ हे सगळं एका आकड्यात गोळा करून दाखवते, त्यातलं नेमकं कोणतं ते सांगत नाही. म्हणून कमी आकडा आला की घाबरायचं नाही, कारण शोधायचं.

पण स्नायूंचं स्वतःचंही काम आहे, तेही विसरू नये. जेवणानंतर रक्तातली साखर साठवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. हाडं मजबूत राहतात ती स्नायूंच्या ओढीमुळे. आजारपणात शरीराला प्रथिनं लागतात, ती स्नायूंतूनच काढली जातात. त्यामुळे सगळ्या अंगाची ताकद टिकवणं हे नुसतं पारा उतरवणं नाही.

७. वजनकाटा पुरेसा का नाही?

"वजन बरोबर आहे ना, मग झालं," असं पालक म्हणतात. इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण वर्गात जरूर सांगावं. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा: २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याच्या परिसरातल्या नवजात बाळांमध्येही त्यांना हेच दिसलं होतं: वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून.

म्हणजे आपल्या लोकांत बारीक दिसणारा माणूसही आतून चरबीचा आणि स्नायूंनी गरीब असू शकतो. काट्यावर चरबीचा किलो आणि स्नायूचा किलो सारखाच दिसतो. ताकद मोजली की फरक कळतो.

८. गेलेली ताकद परत येते का?

येते, आणि बऱ्याच उशिरापर्यंत येते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियाटारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम दिला. वजन त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलं. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. म्हणजे पहिल्याच्या पावणेतीन पट. मांडीचा स्नायू सुमारे ९ टक्क्यांनी जाड झाला. यात गणित शिक्षकांसाठी छान प्रश्न आहे: स्नायू ९ टक्के वाढला, ताकद १७४ टक्के, मग बाकीची ताकद आली कुठून? उत्तर तिसऱ्या भागात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी अशा: मोठ्यांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. ६५ च्या पुढच्यांनी ताकद आणि तोल यांचा व्यायाम तीन दिवस. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर हालचाल, त्यात किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं मजबूत करणारे प्रकार. चालणं उत्तम आहे, ते सोडू नये. पण नुसत्या चालण्याने कमाल ताकद फारशी वाढत नाही. त्यासाठी ओझं हळूहळू वाढवावं लागतं.

९. घरी यंत्र नसेल तर

खुर्चीची चाचणी करा. हात नसलेली, सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. हात टेकावे लागले तर शून्य. शेजारी एक जण उभं असू द्या. खालच्या आकड्यापेक्षा कमी आले तर पायांची ताकद कमी आणि पडण्याचा धोका जास्त, असं धरतात:

- वय ६०–६४: पुरुष १४, स्त्रिया १२
- वय ६५–६९: पुरुष १२, स्त्रिया ११
- वय ७०–७४: पुरुष १२, स्त्रिया १०
- वय ७५–७९: पुरुष ११, स्त्रिया १०
- वय ८०–८४: पुरुष १०, स्त्रिया ९
- वय ८५–८९: पुरुष ८, स्त्रिया ८

दुसरं निरीक्षण आपल्याकडे आपोआप होत असे. मांडी घालून खाली बसणं आणि हात-गुडघा न टेकता उठणं. ब्राझीलच्या डॉ. क्लाउदिओ जिल अराउजो यांनी यालाच गुण देऊन १० गुणांची चाचणी केली. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांच्या त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात ज्यांना ३ किंवा त्याहून कमी गुण मिळाले, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त गुणवाल्यांच्या पाच-सहा पट होतं. यात ताकदीबरोबर तोल आणि लवचीकपणाही येतो. पंगतीत खाली बसून जेवणं, देवघरापुढे बसणं हा आपला रोजचा सराव होता. डायनिंग टेबल आलं आणि तो गेला.

१०. आजी, तुम्ही बसा!

घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत आपण एक गोष्ट मायेपोटी करतो. आजी भाजी निवडायला उठल्या की सून म्हणते, "अहो आई, तुम्ही बसा, मी करते." आजोबा पिशवी उचलायला गेले की नातू हातातून काढून घेतो. पाण्याचा तांब्यासुद्धा जागेवर आणून देतो. भावना चांगली आहे. पण बचत खात्याचं गणित लक्षात घ्या: वापरलं नाही की शिल्लक घटते. सहा महिने सगळं हातात दिलं, तर सातव्या महिन्यात ते खरंच लागायला लागतं.

मग काय करावं? जे त्यांना सुरक्षितपणे जमतं ते त्यांना करू द्यावं. दिवसातून दोनदा खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुश-अप, पायऱ्या कठड्याला धरून, लिटरभर पाण्याची बाटली उचलणं. जमायला लागलं की थोडं वाढवायचं. जोर लावताना श्वास रोखू नये, तोंडाने सोडावा, कारण श्वास रोखला की रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली डोळ्यांची किंवा पोटाची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि ताटात बघा. चहा-बिस्किट, चहा-खारी यावर दिवस काढणारे कितीतरी वृद्ध आपल्याभोवती आहेत. दात नाहीत म्हणून डाळीचं नुसतं वरचं पाणी घेतात. वयस्करांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. म्हणजे ५० किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. घट्ट वरण, दही, ताक, उसळ, दूध, चालत असेल तर अंडी-मासे, असं प्रत्येक जेवणात विभागून द्यावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच.

११. मुलांच्या बाबतीत

इंग्लंडमधल्या चेम्सफर्ड इथे दहा वर्षांच्या मुलांची १९९८ आणि २००८ मध्ये चाचणी झाली. दहा वर्षांत पोटाचे व्यायाम काढण्याची क्षमता २७ टक्क्यांनी, हातांची ताकद २६ टक्क्यांनी आणि पकड ७ टक्क्यांनी घटली. आडव्या दांड्याला लटकून स्वतःचं वजन पेलता न येणारी मुलं आधी वीसात एक होती, ती दहात एक झाली. झाडावर चढणं, दोरी ओढणं, लटकणं कमी झालं की असंच होणार. आपल्याकडे मल्लखांब, दोरीचा मल्लखांब, कुस्ती, रस्सीखेच हे सगळं आहे. शाळेच्या मैदानात एक मजबूत लोखंडी दांडा असला तरी पुष्कळ.

"वजन उचललं तर मुलाची उंची खुंटेल का?" हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. जाणकाराच्या देखरेखीखाली, वयाला साजेशा वजनाने केलेल्या व्यायामाने उंची खुंटते, याला पुरावा नाही. मात्र लहान मुलांना कमाल वजनाची पैज लावू देऊ नये. आधी पद्धत, मग वजन.

वर्गासाठी उपक्रम: तळहातांचं बल

साहित्य: काटा फिरणारा घरगुती वजनकाटा, वही, आलेख कागद.

१. वजनकाटा छातीसमोर उभा धरून दोन्ही तळहातांनी दोन्ही बाजूंनी दाबायचा. श्वास सोडत तीन सेकंद जोर लावायचा.
२. तीन प्रयत्न, मध्ये एक मिनिट विश्रांती. सर्वांत मोठा आकडा लिहायचा.
३. किलोचे न्यूटन करायचे.
४. घरी आई-बाबा, काका, आजी-आजोबा यांचे आकडे घ्यायचे (दुखत असेल तर नको). आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर बल घेऊन वर्गाचा एकत्र आलेख काढायचा.
५. महिनाभर आठवड्यातून तीन दिवस लटकणं, भिंतीवरचे पुश-अप करून पुन्हा मोजायचं.

यात पकड मोजली जात नाही, छाती आणि दंडांचं दाबण्याचं बल मोजलं जातं. त्यामुळे वरच्या २८ आणि १८ किलोच्या मर्यादा इथे लावू नयेत.

शिक्षकांना एक विनंती. आकडे मोठ्याने वाचून दाखवू नका, पहिला-दुसरा नंबर काढू नका. बारीक किंवा आजारी मुलाला त्याच्या आकड्यावरून चिडवलं गेलं तर उपक्रमाचा हेतूच बुडाला. प्रत्येकाने स्वतःच्या मागच्या आकड्याशीच तुलना करावी.

चर्चेसाठी प्रश्न

- दर्शक आणि कारण यांत फरक काय? थर्मामीटरशिवाय दुसरं उदाहरण द्या.
- एकाची पकड ३६ किलो होती, आता ३० किलो आहे. घट किती टक्के?
- तुमच्या घरात कोणती कामं यंत्रांनी घेतली? त्यातली कोणती ताकदीची होती?
- आजीला मदत करायची आणि तिची ताकदही टिकवायची, हे दोन्ही कसं साधाल?

शेवटचा प्रश्न मुलांना घरी विचारायला सांगा. उत्तर आजीलाच द्यायला सांगितलं तर जास्त चांगलं.